पाळणा-१७ हटत नाही

"ताई, फाईल हटत नसेल तर मशीनशी भांडू नका. आधी ती कोण धरून बसलंय ते बघा, मग काय तोडायचं ते तोडा."

मशीनवाल्या काकांनी हे तिला फोनवर दोनदा बजावलं होतं. तिने दोन्ही वेळा "हो हो" म्हटलं, एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. काकांना काय, दुकानात पंख्याखाली बसून शहाणपण सांगायला काय जातंय, असंही मनात आलं. तिच्याकडे तेव्हा जेमतेम अर्धा तास उरला होता.

ती घरी बसून संगणकावर पुस्तकांची पानं लावायची. नवरा कामावर गेला की जेवणाचं टेबल हे तिचं ऑफिस, आणि चौदा महिन्यांची चिमी तिची साहेब. साहेब झोपले की कामाला जुंपायचं, साहेब उठले की हातातलं टाकून हजर व्हायचं. त्या दिवशी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाची शेवटची प्रत पाच वाजेपर्यंत छापखान्याला जायची होती. पाच म्हणजे पाच. नाही गेली तर यंत्रावर दुसऱ्याचं काम चढणार, आणि पुस्तक शाळा सुरू झाल्यावर पोरांच्या हातात पडणार. प्रकाशन-कचेरीतल्या बाईंनी सकाळपासून तीनदा आठवण केली होती, तिसऱ्यांदा तर नुसतं "आठवण" एवढंच लिहून.

चार वाजता तिने शेवटची पानं जोडली, सगळं एकदा डोळ्यांत तेल घालून तपासलं आणि छपाईची प्रत काढायला बटण दाबलं. निळी पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली. मशीन म्हणालं, जागा शिल्लक नाही.

जागा खाणारा कोण ते शोधायला फार वेळ लागला नाही. 'पाळणा' नावाचं फोल्डर होतं, त्यात एकच फाईल होती, आणि ती एकटी निम्म्या कपाटाएवढी जागा अडवून बसली होती. पाळणा-१७.

हे पाळण्याचं प्रकरण तिचंच. चिमी तीन आठवडे आधी जन्माला आली, एवढीशी, आणि पहिले काही महिने तिच्या आईची पाचावर धारण बसलेली. पाळण्यावर कॅमेरा लावला होता. दुसऱ्या खोलीत काम करताना एका कोपऱ्यात पाळणा दिसायचा, ऐकू यायचा आणि तासन्‌तास साठवलाही जायचा. नवऱ्याने गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी ते सगळं दुसऱ्या डिस्कवर टाकून इथून काढलं. बाकीच्या फाईली मुकाट गेल्या. सतरावी तेवढी ना कॉपी होईना, ना हलेना. "राहू दे, अडून बसलीय सासुरवाशीण," असं म्हणून तो उठला आणि नंतर विसरला.

कॅमेऱ्यावरून सगळ्यात जास्त हसल्या होत्या आत्या. आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या, वरच्याच मजल्यावर एकट्या राहायच्या. वय एकाहत्तर. तीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होत्या, त्यामुळे इमारतीत लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. "पाळण्यात पोर आहे की तिजोरीत दागिने?" त्या विचारायच्या. "अगं, झोपलेल्या बाळाकडे इतकं बघू नये, त्यालाही लाज वाटते."

स्वतःकडे मात्र कुणी बघितलेलं त्यांना खपायचं नाही. गेल्या वर्षी जिन्यातच चक्कर येऊन बसल्या. नवरा म्हणाला, आत्या, मी रोज दुपारी एक फोन करत जाईन. त्यावर त्यांनी त्याला जो झाडला! "जन्मभर मी पेशंट तपासले, आता तू मला तपासणार? 'जिवंत आहात का' एवढंच विचारायचं असेल तर पत्र पाठव, सवडीने उत्तर देईन." पुष्कळ आढेवेढे घेऊन त्यांनी घराची एक किल्ली खाली दिली, तीही अट घालून. "घराला आग लागली तर उघडा. मी बेल ऐकायला उशीर केला तर नव्हे."

ही किल्ली तिच्या दारामागच्या खिळ्याला लटकत होती. तिला रोज दुपारी वाटायचं, एकदा वर जाऊन यावं. रोज ती जायची नाही. आधीच आपण काळजीचं गाठोडं म्हणून प्रसिद्ध, त्यात आणखी एक गाठ कशाला!

तर फाईल. तिने खोडायला घेतली. मशीन म्हणालं, 'ही फाईल दुसरीकडे उघडी आहे. बंद करून पुन्हा प्रयत्न करा.' तिने उघडं होतं ते सगळं बंद केलं, पुस्तक सोडून. पुन्हा प्रयत्न केला. ढिम्म. नाव बदलून पाहिलं, दुसरीकडे ओढून पाहिलं. अकरा वेळा तिने 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं आणि अकरा वेळा मशीनने तेच तुणतुणं वाजवलं.

साडेचारला तिने काकांना फोन लावला. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं.

"मशीन बंद करून चालू केलंत?" काकांनी विचारलं.

"काका, पुस्तक उघडं आहे. बंद केलं आणि परत उघडलंच नाही तर मी कुणाच्या नावाने रडू?"

"बरं, रडू नका. मग कुणीतरी ती धरून बसलंय. फाईल अशी उगाच अडत नाही."

"घरात मी आणि पोरगी. पोरगी झोपलीय."

"घरातलंच कशाला पाहिजे? फोल्डर नेटवर दुसऱ्या कुणाला दिलंय का?"

"नवऱ्याने कधीतरी फोटो दिले होते वर आत्यांना बघायला. हे काय फोटो नाहीत, काका. तीन-साडेतीन तास झोपलेलं बाळ. कोण बघणार?"

"बघतं कुणीतरी," काका शांतपणे म्हणाले. "एक छोटा प्रोग्रॅम पाठवतो. कुलूप कुणाचं ते सांगतो, आणि तोडतोही. आधी कोण धरून बसलंय ते बघा, ताई, मग तोडा."

"हो हो."

प्रोग्रॅम आला. बटणं दोन होती, 'कोण वापरतंय ते दाखवा' आणि 'तोडा व खोडा'. घड्याळात चार पन्नास झाले होते. आतल्या खोलीतून चिमीची पहिली कुरकुर ऐकू आली. तिने दुसरं बटण दाबलं.

फाईल गेली. इतका वेळ दगडासारखी बसलेली, ती फुंकर मारल्यासारखी गेली. निळी पट्टी सुरुवातीपासून धावली आणि टोकाला पोचली. पाच वाजून दोन मिनिटांनी पुस्तक छापखान्याला गेलं, बाईंचा उभा अंगठा आला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने चिमीला उचललं, कडेवर घेतलं, पाणी पाजलं. स्वतःही प्यायली. मग टेबलावरचं आवरताना प्रोग्रॅमची ती छोटी खिडकी अजून उघडीच दिसली. खाली बारीक अक्षरांत हिशोब होता.

'फाईल: पाळणा-१७. वापरणारा: आत्या. उघडल्याची वेळ: १:५२. जोडणी तोडली: ४:५०.'

आधी तिला नुसती लाज वाटली. म्हणजे आत्या बघत होत्या! आणि आपण मध्येच पडदा पाडला. आता खरडपट्टी निघणार. ती गॅलरीत जाऊन उभीच राहिली, बोलणी खायला. कारण नेटचं यंत्र खालच्या घरात होतं, वर आत्यांना त्यातूनच मिळायचं, आणि नेट मिनिटभर जरी गेलं तरी त्या वरच्या गॅलरीत येऊन अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "अगं ए, नेट गेलं की तुम्हीच गाव सोडून गेलात?"

आज ओरडा नव्हता. चार पन्नासला त्यांच्यापुढचं चित्र बंद पडलं होतं आणि आता पाच दहा झाले होते. वीस मिनिटं आत्या गप्प.

झोपल्या असतील, तिने स्वतःला सांगितलं. पण आत्या साडेचारला उठायच्या. वॉर्डातलं घड्याळ त्यांच्या अंगात अजून चालू होतं. बाहेर गेल्या असतील, असं म्हणावं तर त्यांच्या चपला जिन्यात वाजतात, त्या वाजल्या नव्हत्या. तिने फोन लावला. वर घंटी वाजलेली तिला छतातून ऐकू आली, बराच वेळ, आणि मग बंद झाली.

किल्ली घेऊन ती जिना चढली. चिमी कडेवर, एका हातात किल्ली, आणि दारासमोर उभं राहिल्यावर तिचा हात अडखळलाच. आग तर लागली नव्हती. बेल वाजवली. एकदा, दोनदा. आतून काहीतरी आलं, आवाज म्हणावा तर आवाज नव्हे, जुनी खुर्ची सरकवावी तसं. तिने किल्ली फिरवली.

आत्या पलंग आणि न्हाणीघराच्या मधे जमिनीवर पडल्या होत्या. उशी ओढून डोक्याखाली घेतली होती. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. टेबलावर त्यांचं जुनं मशीन चालू, पडदा काळा. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, पण डोळे टक्क उघडे.

"आत्या!"

"हात लावू नकोस." घसा पार बसला होता, पण बोलणं वॉर्डातलंच. "आधी पोरीला खाली ठेव, नाहीतर तीही पडेल. हां. आता माझा उजवा पाय बघ. बाहेरच्या अंगाला वळलाय?"

"हो."

"दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो?"

तिने पाहिलं. तिला भडभडून आलं. "हो, थोडासा."

"मग मोडलंय. रडू नकोस, हाड माझं आहे. रुग्णवाहिका बोलाव आणि सांग, खुब्याचं हाड, म्हातारं माणूस, शुद्धीवर आहे. आणि जिना अरुंद आहे तेही सांग, नाहीतर खाली येऊन डोकं खाजवत बसतील. मग माझ्या ओठाला पाणी लाव. प्यायला नको, ऑपरेशन करतील. नुसतं लाव."

तिने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. सांगणारं माणूस असलं की हातांना दिशा मिळते. चिमी रांगत गेली आणि आत्यांच्या उशीशी बसून त्यांच्या वेणीचं टोक ओढू लागली.

"कधी पडलात?"

"अडीचला. पाणी प्यायला उठले, पाय सटकला. हाका मारल्या. वरचे गावाला गेलेत, आणि तुझ्याकडे तो पंखा घरघरतो. तुला कुठलं ऐकू येणार?" त्या थांबल्या, दम घेतला. "मग म्हटलं, झोपायचं नाही. झोप लागली तर संपलं. म्हणून मोजत होते."

"काय मोजत होतात?"

"हिचा श्वास." त्यांनी डोळ्यांनीच चिमीकडे दाखवलं. "ते मशीनवर लावलेलं असतं ना, पाळण्याचं. त्या दिवशी हिला सर्दी झाली होती, नाक वाजायचं, श्वास नीट ऐकू येतो. हजार झाले की एक बोट मिटायचं. चार बोटं मिटली, पाचवं मिटत आलं होतं. आणि मध्येच थांबला गं. एकदम. मी इतकी घाबरले, पायाचं दुखणंसुद्धा विसरले. तीस वर्षांत माझ्या पाळीत असा श्वास थांबला की आम्ही धावायचो. आणि इथे मला उठता येईना."

ओला रुमाल तिच्या हातात तसाच राहिला.

"मी थांबवला, आत्या. मी ती फाईल खोडली. जागा नव्हती मशीनवर."

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या हसल्या, आणि हसताना पाय दुखला म्हणून कळवळल्या, आणि कळवळता कळवळता पुन्हा हसल्या. "जागा नव्हती! पाच खोल्यांत मावेल एवढं सामान तुझं, आणि जागा माझ्या बाळाने अडवली?"

रुग्णवाहिका पंचवीस मिनिटांनी आली. जिना अरुंद आहे हे माहीत असल्यामुळे त्यांनी घडीची खुर्ची आणली होती, पण आत्यांनी ती बघताच परत पाठवली. "खुब्याला खुर्ची? कुठे शिकलात?" मग फळी आणली गेली. नवरा कामावरून थेट दवाखान्यात पोचला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं आणि नीट झालं.

तिसऱ्या दिवशी ती भेटायला गेली तेव्हा आत्या उशांना टेकून बसल्या होत्या आणि वॉर्डातल्या नव्या नर्सला चादरीची घडी कशी घालायची ते सांगत होत्या. नर्स गेल्यावर तिने विचारलं, कधीपासून विचारायचं होतं ते.

"आत्या, तुम्ही ते रोज बघत होतात?"

"बघत कुठे होते! पडद्याकडे पाठ करून झोपायचे." त्यांनी पांघरूण सारखं केलं. "तीस वर्षं मी बाळांच्या खोलीत जागी राहिले, आणि दिवसा घरी येऊन झोपले तर घरात भाऊ, वहिनी, त्यांची पोरं, सगळी वर्दळ. शांततेत झोपायची मला सवयच नाही गं. निवृत्त झाले, घरं वेगळी झाली, आणि दुपार नुसती खायला उठायची. मग फोटो बघता बघता तुझं ते सापडलं. श्वास चालू असतो. मधे तू येतेस, कपड्यांच्या घड्या घालतेस, पोरीशी काहीबाही बोलतेस. म्हटलं, चला, घरात माणसं आहेत. पाठ टेकली की झोप."

"मला एकदा सांगायचं तरी."

"काय सांगू? तुला हसले होते ना कॅमेऱ्यावरून. कोणत्या तोंडाने सांगू!"

"आता ती फाईल परत येणार नाही, आत्या. मी काकांना विचारलं. त्यांनी पुष्कळ खटपट केली."

"गेली तर गेली. मूळ प्रत घरात रांगतेय." आत्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "आणि तू तोडली नसतीस तर कधी आली असतीस?"

संध्याकाळी. कदाचित रात्री नवरा आल्यावर. कदाचित दुसऱ्या दिवशी. तिने हे सगळं मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं होतं. पण दुसरं एक गणितही होतं, ते ती कुणापुढे मांडत नसे. काकांनी साडेचारला सांगितलं होतं, 'आधी कोण धरून बसलंय ते बघा'. नुसतं पहिलं बटण दाबलं असतं तर आत्यांचं नाव दिसलं असतं. एक बावन्नपासून उघडी ती अजून चालूच, म्हणजे साडेचारला आत्या उठलेल्या नाहीत, एवढं तिला कळलं असतं, कारण काळजीचं गाठोडं असण्याचा तेवढा तरी उपयोग असतो. ती पाचच्या आत वर पोचली असती. डॉक्टर म्हणाले, त्या वीस-पंचवीस मिनिटांनी हाडाला काही फरक पडला नाही. पण ती वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवर कुणी काढली, हे डॉक्टरांना कुठे माहीत!

आत्या दीड महिन्याने घरी आल्या, चौकटीची काठी धरून, पावलागणिक काठीला नावं ठेवत. रोज फोन करायचं पुन्हा निघालं, आणि पुन्हा त्यांनी झाडलं. मग तिने विचारलंच नाही. दुपारी पावणेदोनला ती चिमीला घेऊन वर जाते, आत्यांच्या पलंगाशेजारी गादी घालते, चिमीला निजवते आणि टेबलावर आपलं मशीन मांडून पानं लावत बसते. पहिल्या दिवशी आत्या म्हणाल्या, "हे काय, मला तपासायला आलीस?" ती म्हणाली, "छे. खाली पंखा घरघरतो, कामात लक्ष लागत नाही." आत्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण पाठ टेकली. दहा मिनिटांत दोघींचे झोपेतले श्वास चालू झाले, एक सावकाश, एक भरभर. ती टायपिंग हळू करते.

आता तुम्ही. हे वाचता वाचता कुणीतरी डोळ्यांपुढे आलं असेलच. मावशी असेल, जुने शिक्षक असतील, पलीकडच्या दारातले काका असतील, ज्यांनी तुम्हाला बजावलंय की माझी चौकशी करू नका. त्यांच्याकडे आज जा. काहीतरी खोटं कारण काढून जा, वाटी परत करायला, पेपर मागायला. दार उघडून ते तुमच्यावर खेकसतील. खेकसू द्या, पण तो आवाज ऐकल्याशिवाय परत येऊ नका.